शनिवार-रविवारचे घर आणि मधले पाच दिवस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की शनिवारी सकाळी गिरणारे, दुगाव, त्र्यंबक रस्ता, दिंडोरी, घोटी, सिन्नर या सगळ्या वाटांना एक ओळखीचे दृश्य दिसते. गाडीच्या मागच्या सीटवर घमेली, पाण्याच्या पाइपचे वेटोळे, सिमेंटच्या दोन बॅगा आणि पुढे नवरा-बायको. नाशकात नोकरी करायची आणि सुट्टीचे दोन दिवस गावाकडच्या जागेवर स्वतःच्या हाताने घर उभे करायचे, असे ठरवणारी जोडपी वाढत आहेत. त्यांचे कौतुक व्हायला हवेच. मात्र कौतुकाच्या लेखांतून त्यांना लागणारी माहिती मिळत नाही, म्हणून हे पत्र. बांधकामावर देखरेख करणे हे आम्हा दोघांचे रोजचे काम आहे.

अशी घरे अर्धवट राहतात किंवा पहिल्या पावसात गळतात, तेव्हा मेहनत कमी पडलेली नसते. घर बिघडते ते सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत. काँक्रीटला रोज पाणी लागते आणि पाणी मारणारा माणूस शहरात कामावर असतो. काही कामांना हे पाच दिवस मारक आहेत, काहींना ते फार मानवतात. कोणते काम कुठल्या बाजूला पडते ते आधी ओळखले तर दोघांत घर होते.

आधी दिवस मोजावेत. नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते मे अखेर म्हणजे तीस आठवडे, साठ दिवस. दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा आणि आजारपण वजा केले तर हातात ४५ ते ५० दिवस उरतात. एवढ्यात छप्पर पाण्याला पक्के झाले पाहिजे. हिशेबासाठी २४ बाय १८ फुटांचे, मध्ये एक आडवी भिंत असलेले तळमजल्याचे घर धरू. हे माप मुद्दाम घेतले आहे, कारण त्याचा कर्ण बरोबर ३० फूट येतो. आखणीच्या दिवशी चार खुंट्या मारल्या, दोन्ही कर्ण ३० फूट भरले की चारही कोपरे काटकोनात आहेत हे गवंड्याला न विचारता कळते. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा सोडू नये. तो पुढे फरशीच्या शेवटच्या ओळीत तिरक्या पट्टीच्या रूपाने कायमचा दिसतो. पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळीच उत्तम. तिला दोन माणसे लागतातच आणि इथे दोघे असतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी इंचभर चुकते, म्हणून दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान दिसते ना ते पाहून मगच लांब जावे.

कागदांविषयी थोडक्यात. शेतजमिनीवर घर बांधायचे तर सातबारा नावावर असणे पुरेसे नसते. जागा गावठाणात आहे की बाहेर, अकृषिक आहे की नाही, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येते का, हे ग्रामपंचायत आणि तलाठी या दोन्हीकडे विचारावे. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जागेचा स्वतंत्र सातबारा निघतो का, ते पैसे देण्याआधी पाहावे. दारणा-गोदेच्या काठी किंवा धरणाच्या फुगवट्याजवळ असाल तर पूररेषा पाहावी. सरकारी मोजणीच्या खुणा जागेवर दाखवून घेतल्याशिवाय पहिली कुदळ मारू नये.

आता जमीन. आपल्या जिल्ह्यात वीस-पंचवीस किलोमीटरवर जमिनीचा स्वभाव बदलतो. त्र्यंबक-हरसूलच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी हात-दीड हातावर मुरूम लागतो. निफाडच्या आणि गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पाच-सहा फूट खोदले तरी काळीच निघते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेवला की दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते, आणि ती कितीही वेळा बुजवली तरी दर उन्हाळ्यात परत येते, कारण दोष भिंतीत नसून खाली असतो. म्हणून घराच्या दोन कोपऱ्यांवर जेसीबीने पाच-सहा फुटांचे चाचणी खड्डे घ्यावेत. शेजारी कच्ची विहीर असेल तर तिच्या कडा पाहाव्यात, किती फुटांवर काळी संपून मुरूम सुरू होतो ते तिथे उघडे दिसते. फुटिंग, म्हणजे कॉलमचा जमिनीतला रुंद तळ, मुरमापर्यंत न्यायचे. आठ फुटांवरही मुरूम नसेल तर पायाचा निर्णय अभियंत्यावर सोडावा, तिथे हौस चालत नाही. जोत्याच्या बीमखाली काळी माती ठासून भरू नये, वाळूचा थर द्यावा. घराभोवती तीन फुटांची फरसबंदी बाहेर उताराने करावी, आणि भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा तर कधीच करू नये. पायाजवळची माती एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली की घर त्या बाजूला ओढ घेते.

जोत्यातला भराव मात्र शनिवार-रविवारचा खरा सोबती. दीड फूट उंचीच्या भरावाला आपल्या घरासाठी सुमारे सहा ब्रास, म्हणजे सहाशे घनफूट, मुरूम बसतो, दबण्याचा हिशेब धरून सात ब्रास मागवावा. सहा इंचांचा थर, भरपूर पाणी, धुमस, आणि पाच दिवस तसाच सोडायचा. पुढच्या शनिवारी तो आपसूक बसलेला असतो, मग वरचा थर. घाईने दोन दिवसांत दीड फूट भरून वर फरशी टाकली की वर्षभरात मधली फरशी पोकळ वाजू लागते. पायातून निघालेली काळी माती भरावात घालण्याचा मोह खर्च वाचवणारा वाटतो, पण ती फुगली की फरशी वर उचलते.

भरावाच्या ट्रॉलीत बरेच पैसे हरवतात, म्हणून ब्रासचा हिशेब पाठ असावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून १० फूट लांब आणि ६ फूट रुंद असेल तर ती सपाट २० इंच भरलेली हवी. मधला ढीग उंच आणि कोपरे रिकामे असतील तर खाली करण्याआधी फावड्याने सपाट करून टेप लावावा. खाली ओतल्यावर मोजता येत नाही.

कॉलम, बीम आणि स्लॅब या सांगाड्याचे काम स्वतः करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मुकादमाला द्यावे, आठवड्याच्या मधल्या दिवसांतही माणसे लावून करून घ्यावे आणि मालकांनी फक्त तपासावे. तपासण्यासारखे पुष्कळ असते. सळयांभोवतीच्या रिंगांचे आकडे आत १३५ अंशात वळलेले हवेत, काटकोनात वळवलेली रिंग ताण आला की उघडते. कॉलमला ४० मिलिमीटर आणि स्लॅबला २० मिलिमीटर कव्हरचे, म्हणजे सळई आणि काँक्रीटची कड यांत अंतर राखणारे, ठोकळे सिमेंटचे असावेत. दगडाच्या चिपा लावल्या तर त्या सरकतात, सळई खाली टेकते आणि काही वर्षांत स्लॅबखाली गंजाचे तपकिरी पट्टे उमटतात.

स्लॅबच्या दिवसाचे गणित असे. ४३२ चौरस फूट, जाडी ५ इंच आणि बीम धरून सुमारे ७ घनमीटर काँक्रीट. एम २० या प्रतीच्या काँक्रीटसाठी १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात साधारण ५५ बॅगा सिमेंट लागते. हे सगळे एका दिवसात, न थांबता झाले पाहिजे. जेवणाला सगळे एकदम बसले आणि तासभर काम थांबले की तिथे सांधा पडतो, आणि पावसात पाणी त्याच रेषेतून ठिबकते. त्यामुळे मजुरांची पाळी लावून जेवण घालावे, व्हायब्रेटर चालू आणि एक राखीव ठेवावा. मिक्सरवर एका बॅगेला २५ लिटरच्या आसपास पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काँक्रीट पातळ केले की पसरायला सोपे जाते, म्हणून मिक्सरवाल्याचा हात सैल सुटतो. दोघांपैकी एकाने दिवसभर मिक्सरपाशीच उभे राहावे. त्या दिवशीचे ते सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

स्लॅब शनिवारी टाकावा. रविवारी सकाळी त्यावर हलक्या मसाल्याचे तीन-चार इंचांचे बांध घालून कांद्याच्या वाफ्यांसारखे वाफे करायचे आणि संध्याकाळी पाणी भरून निघायचे. दोन इंच पाण्याला २,००० लिटर लागते, टँकर आधी सांगून ठेवावा. ते पाणी शनिवार सकाळपर्यंत टिकले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत रोज चार-पाच मिलिमीटर उडते, म्हणजे निम्मे तरी शिल्लक राहते. एप्रिलच्या उन्हात मात्र दिवसाला साधारण नऊ-दहा मिलिमीटर उडते आणि गुरुवार-शुक्रवारपर्यंत स्लॅब कोरडा पडतो. उन्हाळ्यात म्हणून तीन इंच भरावे आणि बुधवारी एकदा भर घालण्यासाठी शेजारच्या वस्तीवरच्या कोणाला तरी रोजावर ठरवावे. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस ओलावा हवा, आणि कोरड्या उष्ण हवेत पीपीसीला १४ दिवस द्यावा. बॅगेवर काय छापले आहे ते वाचावे. बाजारात बहुतेक पीपीसीच मिळते आणि लोक सात दिवसांत पाणी बंद करतात.

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, काढण्याच्या तारखेवरून मुकादमाशी वाद होतो, कारण त्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढता येतात, असे तेच मानक सांगते. हे दिवस ओपीसीसाठी आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे आहेत. निफाड-नाशिकला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो. थंडीत काँक्रीट हळू घट्ट होते. हिवाळ्यातल्या स्लॅबला आणि पीपीसीला आठवडाभर जास्त द्यावा, प्लेटांचे आठवडाभराचे जादा भाडे परवडते.

वीट की ब्लॉक हा पुढचा प्रश्न, आणि शनिवार-रविवारच्या घरात त्याचे उत्तर आवडीवर सोडता येत नाही. नऊ इंची भिंतीत आपल्या घराला सात ते साडेसात हजार विटा लागतात. नवशिके जोडपे, एकजण मसाला कालवतोय आणि दुसरा लावतोय, दिवसात दोनशे विटा सरळ लावू शकले तर चांगलेच म्हणायचे. म्हणजे ३७ दिवस, अठरा-एकोणीस आठवडे, सगळा हंगाम गेला. आठ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक, ६०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचे, सहाशेच लागतात. दिवसाला ४५ लावले तरी तेरा दिवसांत, सात आठवड्यांत भिंती होतात. एका ब्लॉकचे वजन १५ किलोच्या आसपास, दोघांना झेपणारे. मुख्य म्हणजे ते तयार ॲडहेसिव्हच्या तीन मिलिमीटरच्या सांध्यात बसतात, त्या सांध्याला आठवडाभर पाणी मारावे लागत नाही. विटेची भिंत मात्र सात दिवस ओली ठेवावी लागते. सांगाडा आरसीसीचा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, असेल तरच हे खरे. ब्लॉकच्या भिंतीवर थेट स्लॅब टेकवायचा विचार अभियंत्याशिवाय करू नये.

ब्लॉकमध्ये चुका ठरलेल्या होतात. पहिला थर वाकडा बसतो, कारण जोते कधीच एका पातळीत नसते. पहिला थर साध्या सिमेंटच्या मसाल्यावर, पाण्याच्या नळीने पातळी घेऊन, सावकाश लावावा. त्याला अख्खा शनिवार गेला तरी चालेल. एका दिवसात पाच फुटांपेक्षा जास्त चढू नये. खिडकीच्या तळाशी आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) पातळीवर सळई टाकून काँक्रीटची पट्टी फिरवावी. शेवटचा थर बीमला घट्ट भिडवू नये, बोटभर जागा सोडावी आणि ती दोन आठवड्यांनी भरावी. तोवर भिंत आपल्या वजनाने बसलेली असते. ब्लॉकची थप्पी मातीवर रचू नये. खालून ओल चढते आणि फटींत विंचू, घोणस येऊन बसतात. सकाळी पहिला ब्लॉक उचलताना हातमोजे घालून, आधी काठीने ठोकून मगच उचलावा.

गिलाव्याला पाणी मारण्यासाठी आपल्या जिल्ह्यात एक सोय घरोघर पडून आहे, ती म्हणजे ठिबक. द्राक्षबागेतून निघालेली १६ मिलिमीटरची नळी भिंतीच्या माथ्यावरून, बीमखाली खिळ्यांना बांधून फिरवायची. घराचा घेर ८४ फूट, म्हणजे २५ मीटरच्या आसपास. दर ४० सेंटिमीटरला एक ड्रिपर धरला तर साठ ड्रिपर होतात. स्लॅबवर, बरोबर कॉलमच्या डोक्यावर, तीन फुटांचा ओटा करून १,००० लिटरची टाकी ठेवावी. ताशी ४ लिटरचा ड्रिपर एवढ्या कमी उंचीच्या दाबावर दीड लिटरच्या आसपासच देतो. साठ ड्रिपरचे तासाला ९० ते १०० लिटर होतात. बॅटरीवरचा टायमर-व्हॉल्व्ह सकाळी एक तास आणि दुपारी एक तास उघडला की रोज दोनशे लिटर, पाच दिवसांना हजार. टाकी बरोबर पुरते. टायमर-व्हॉल्व्ह घेताना तो टाकीच्या कमी दाबावर उघडतो का ते विचारावे, काही व्हॉल्व्हना मोटारीचा दाब लागतो. जुन्या नळीतले क्षार ड्रिपर बुजवतात, म्हणून टाकीखाली जाळीची गाळणी हवी आणि रविवारी निघण्याआधी साठही ड्रिपर ठिबकताना डोळ्यांनी पाहावेत. एक बंद राहिला तर त्याखाली फूटभर रुंदीचा पांढुरका पट्टा पडतो, आणि त्या पट्ट्यातला गिलावा नखाने खरवडला तरी भुगा होतो.

गिलावा स्वतः करण्याचा आग्रह धरू नये. भिंतींच्या दोन्ही बाजू मिळून पंधराशे चौरस फूट होतात आणि सराव नसलेल्या हाताला ओळंब्यात पृष्ठभाग काढणे जमत नाही. हे गवंड्याचे काम. पण गवंडी येण्याआधीची तयारी मालकांनी करावी, कारण तडे तिथे ठरतात. जिथे ब्लॉक आणि कॉलम किंवा बीम भेटतो तिथे आठ इंच रुंद जाळी खिळ्यांनी ठोकावी. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हात वेगवेगळे ताणतात, जाळी नसेल तर पहिल्या उन्हाळ्यातच कॉलमच्या कडेने सरळ उभी चीर येते. ब्लॉक आदल्या संध्याकाळी हलका ओला करावा, निथळेपर्यंत भिजवू नये. आतून १२ मिलिमीटर जाड, सिमेंट-वाळू १ : ६. बाहेरून दोन थरांत १८ ते २० मिलिमीटर. ब्लॉकवर १ : ३ सारखा कडक मसाला लावला की तो आकसतो आणि ब्लॉकची साल घेऊन सुटतो.

वाळूबद्दल तक्रार सार्वत्रिक आहे. नदीची वाळू मिळत नाही, मिळाली तर कोणत्या मार्गाने आली ते विचारावे लागते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चांगली असते, पण काँक्रीटची आणि प्लास्टरची वेगळी घ्यावी, आणि धुतलेली. खडी यंत्रावरची साधी डस्ट वाळू म्हणून खपवली जाते. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चमचाभर मीठ घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे. वर बसलेला पिठासारखा थर बोटभर जाड असेल तर त्या वाळूने गिलावा करू नये, भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात.

सिमेंट दोन दिवसांपुरतेच आणावे. उघडी बॅग पुढच्या शनिवारी गोळे धरते. गोळे फोडून, चाळून वापरले तरी गेलेला जोर परत येत नाही. प्रमाण घमेल्याने मोजू नये, घमेले कोणी सपाट भरते, कोणी शीग लावून. एक फूट बाय एक फूट बाय १५ इंचांची लाकडी पेटी करावी. ती बरोबर एका बॅगेएवढी, ३५ लिटरची होते.

आता ज्यांना मधले पाच दिवस हवेच असतात अशी कामे. ही सगळी जोडप्यांनी बिनधास्त स्वतः करावीत. गच्चीची ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) कारागिराकडून झाली की पाण्याची परीक्षा आपण घ्यावी. रविवारी संध्याकाळी नळीचे तोंड बंद करून गच्चीत दोन इंच पाणी भरायचे, शनिवारी सकाळी खालून छताला हात लावून फिरायचे. ओल दिसेल तिथे खडूने खूण. कारागिराचे शेवटचे पैसे या शनिवारनंतर द्यावेत. गच्चीला शंभराला एक उतार हवा, म्हणजे १८ फुटांत दोन इंचांहून थोडा जास्त, आणि भिंत-गच्चीच्या कोपऱ्यात गोल वाटा.

फरशी हे दोघांचे सर्वांत समाधानाचे काम. दोन बाय दोनच्या फरशीने तीनशेसाठ चौरस फुटांना नव्वद नग, तुटफूट धरून ९५, म्हणजे चारच्या चोवीस पेट्या. सगळ्या एका वेळी आणि एकाच बॅच क्रमांकाच्या घ्याव्यात, नंतर आणलेल्या पेटीची छटा जुळत नाही. खाली दीड इंच मसाला १ : ६, त्याला अर्धा ब्रास वाळू आणि फरशीखालच्या सिमेंटच्या पातळ रबडीसह दहा बॅगा सिमेंट. सुरुवात समोरच्या दारातून दिसणाऱ्या ओळीने, काम आतल्या कोपऱ्यातून दाराकडे. दोन मिलिमीटरचे स्पेसर लावावेत, फरशी फरशीला चिकटवू नये. रबरी हातोडीने ठोकताना आवाज भरीव यायला हवा. पोकळ आला तर फरशी लगेच उचलून खाली मसाला घालावा, तासाभराने उशीर होतो. रविवारी दाराला कुलूप लावून निघाले की पाच दिवस कोणी पाऊल ठेवत नाही, रोज राबत्या साइटवर हे भाग्य फरशीला मिळत नाही. सांधे पुढच्या शनिवारी भरावेत.

पुट्टीचेही तसेच. गिलावा निदान चार आठवडे वाळल्याशिवाय पुट्टी लावू नये. पहिला हात शनिवारी, दुसरा रविवारी, घासणे पुढच्या शनिवारी. पावसाळ्यात आतली पुट्टी करायचा मोह टाळावा. भिंत ओल सोडत असते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. पावसाळ्यातले आठवडे दारे-खिडक्यांना प्रायमर, वाळवीचे औषध आणि ग्रिलचा रंग यांना द्यावेत. बाहेरचा रंग पाऊस संपल्यावर.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, सिन्नरच्या पूर्वेला त्याहूनही कमी. सिन्नरला चालणारे घर घोटीला चालत नाही. पश्चिम पट्ट्यात पाऊस आडवा, नैऋत्येकडून येतो. तिथे पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या कमी, छज्जे दोन फुटांचे, छज्जाच्या खालच्या कडेला बोटाएवढी खाच, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच सुटते. खिडकीचा बाहेरचा दगड बाहेर उतरता हवा. जोते दोन फुटांच्या खाली नको. आणि हंगामात छप्पर होणार नाही असे मार्चमध्येच दिसू लागले तर घर जोत्यावर थांबवावे. वर आलेल्या कॉलमच्या सळ्यांना सिमेंटची रबडी लावून प्लास्टिक गुंडाळावे. उघड्या भिंती पावसात उभ्या ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच, त्याच्या दाखल्याशिवाय महावितरणची कायम जोडणी मिळत नाही. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-मोटारीला ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मागून घ्यावी. ब्लॉकच्या भिंतीत आडवी झिरी मारू देऊ नये. संडासाच्या चार इंची नळीला १० फुटांना ३ इंच उतार हवा, आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट दूर. काळ्या जमिनीत शोषखड्डा ऑगस्टमध्ये पाणी घेत नाही, तिथे तो मोठा करावा आणि भोवती खडी भरावी.

शेवटी काही मागण्या. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यातला आखणी, मसाला, पाणी मारणे आणि तपासणी एवढा भाग दोन दिवसांत बसवून आयटीआयने घरमालकांसाठी ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी शिकवावा. दुसरी मागणी प्रयोगशाळांची. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ७ आणि २८ दिवसांनी फोडून पाहायचे असतात. शनिवारी भरलेल्या ठोकळ्याचे हे दोन्ही दिवस शनिवारीच येतात आणि नेमकी तेव्हाच बहुतेक दारे बंद असतात. नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये कमी नाहीत. त्यांनी हंगामात शनिवारी अर्धा दिवस प्रयोगशाळा उघडी ठेवली तर शेकडो छोट्या घरांचे काँक्रीट प्रथमच तपासले जाईल.

तिसरी विनंती आपल्यालाच. नोव्हेंबर ते मे दर शुक्रवारच्या अंकात अर्धा स्तंभ द्यावा. त्या आठवड्यात कोणते काम, किती माल, हवा कशी, पाणी किती दिवस, एवढेच. मजकूर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. पहिला मजकूर चाचणी खड्ड्यावर असावा आणि तो नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी यावा, जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलेला असतो.

आपले,
बांधकाम देखरेखीच्या व्यवसायातील दोन वाचक
नाशिक